पाऊस पश्चिमेला, पाणी पूर्वेला

[दृश्य: जुलै महिना. चोर्ला घाटाकडे जाणारा धुक्यातला रस्ता.]

बेळगावहून जांबोटीमार्गे निघालेला हा रस्ता कणकुंबीला पोहोचतो, तेव्हा गोव्याचा समुद्र हवाई अंतराने सुमारे ५० किलोमीटरवर राहिलेला असतो. खानापूर तालुक्यातील याच गावी मलप्रभा उगम पावते. इतक्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून ती पूर्वेची वाट धरते, सुमारे ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते, आणि तिचे पाणी अखेरीस आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यात, भीमगडच्या रानातील देगावजवळ उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा पुढच्या आणि मागच्या अशा दोन पागोळ्यांत वाटला जातो, तसा द्वीपकल्पावरचा पाऊस या डोंगररांगेवर दोन समुद्रांत वाटला जातो.

हे नैसर्गिक वाटप माणसाने थोडे बदलावे की नाही, यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात अनेक वर्षे तंटा चालू आहे. कणकुंबीजवळचा कळसा नाला आणि भांडुरा नाला यांचे म्हादईकडे जाणारे पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवावे, ही कर्नाटकची योजना आहे. मलप्रभेवरील सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाची साठवणक्षमता सुमारे ३७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी ते दरवर्षी भरतेच असे नाही, आणि हुबळी-धारवाडसारखी जोडशहरे पिण्याच्या पाण्यासाठी त्याच्यावर अवलंबून आहेत. म्हादईच्या पाणीवाटपासाठी २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देऊन कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यापैकी कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८ टीएमसी पाणी वळवण्यास मान्यता मिळाली. त्यानंतरही वाद मिटलेला नाही. या वादात हुबळीची तहान आणि गोव्याची खाडी यांचा उल्लेख वारंवार होतो, पण ज्यांच्या शिवारातून आणि जंगलातून हे पाणी निघते त्या कणकुंबी परिसरातील मराठी भाषक गावांचा उल्लेख क्वचितच होतो, ही बाब येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

[दृश्य: जांभ्याची तांबडी दरड, तिच्या पायथ्याशी झरा.]

या भागात वर्षाला ३००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमगाव तर राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणले जाते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक ओझे येथेच उतरवतात. माथ्यावरचा सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो आणि पावसाळा सरल्यावर ते झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. पूर्वेला जावे तसे पावसाचे मान झपाट्याने उतरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगाव शहराला अजून पुरेसा पाऊस मिळतो, म्हणूनच येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात बासमती पिकतो. कणकुंबीपासून दीडशे किलोमीटरवरच्या अथणीत मात्र तो ६०० मिलीमीटरच्याही खाली जातो.

बेळगाव शहराची तहान मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाने भागवली. हा जलाशय कर्नाटकात असला, तरी त्याला लागूनच महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यातील तुडये गाव आहे, आणि दोन्ही राज्यांच्या शिवारांतला पाऊस त्यात एकत्र होतो. पुढे शहर वाढले तसे घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचे पाणीही आणावे लागले. राकसकोपच्या आधी बेळगाव विहिरींवर जगत होते. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी टिळकवाडीत एक मोठी विहीर खोदण्यात आली. काँग्रेस विहीर या नावाने ती आजही ओळखली जाते.

[दृश्य: गोकाकचा धबधबा, पावसाळ्यातील गढूळ लोट.]

घटप्रभा, ताम्रपर्णी आणि हिरण्यकेशी या तिन्ही नद्या महाराष्ट्रातील आंबोली-चंदगडच्या डोंगरांत जन्मतात आणि सीमा ओलांडून एका प्रवाहात मिसळतात. हुक्केरी तालुक्यातील हिडकलला सुमारे ५१ टीएमसी क्षमतेचे धरण बांधून घटप्रभेचे पाणी अडवले आहे. पुढे गोकाकजवळ ती वालुकाश्माच्या कड्यावरून ५२ मीटर खाली उडी घेते. बेळगाव जिल्ह्याच्या वायव्येकडचा काळा बेसाल्ट मागे पडून त्याहून कितीतरी जुना कलादगी खडक येथे उघडा पडला आहे. नालाच्या आकाराचा हा कडा पाहायला श्रावणात गर्दी लोटते, पण उन्हाळ्यात आलेल्याला बहुधा कोरडा खडकच दिसतो, कारण तोवर बरेचसे पाणी कालव्यांत गेलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच पडत्या पाण्याच्या जोरावर काठावरची कापड गिरणी उभी राहिली.

[दृश्य: यमगर्णीजवळचा महामार्ग, नंतर अथणीचा नदीकाठ.]

उत्तरेकडे चिकोडी, निपाणी, रायबाग आणि अथणी या तालुक्यांची गोष्ट निराळी आहे. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या नद्यांत येथे जे पाणी येते, ते बहुतांश महाबळेश्वर, कोयना, राधानगरी आणि दाजीपूरच्या पट्ट्यात पडलेल्या पावसाचे असते. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. त्याआधी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची गावेच्या गावे रिकामी करावी लागली होती. अशा दिवसांत सांगलीकर कृष्णेवरच्या, कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याकडे बोट दाखवतात, तर चिकोडी-अथणीचे शेतकरी कोयना धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुटला याच्या बातमीवर नजर ठेवून आपली जनावरे उंचावर हलवतात. त्यांच्या स्वतःच्या आकाशातून त्या दिवशी कदाचित शिंतोडाही पडलेला नसतो.

नदीपासून दूर, अथणी तालुक्याच्या पूर्वेकडील माळावर मे महिन्यात टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागते. अडीच महिन्यांनंतर त्याच तालुक्याच्या नदीकाठी, उसाच्या बुडालेल्या शेंड्यांमधून बचाव पथकाची नाव वाट काढत असते.