उतरती आच
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: अंधार. भट्टीचं तोंड. आत जाळ.)

साष्टी, गोवा. रात्रीचे दोन.

आधी नारळाची सोडणं, त्यावर वाळकी चुडतं, मग जाड लाकूड. या भट्टीत जाळाची जागा वेगळी आणि भाजायची वेगळी असं नसतं. आत्ता जिथं लाकूड जळतंय, तिथंच दोन तासांनी पाव लागणार. सुरुवातीला घुमट काजळीनं काळा होतो. आच चढली की काजळीही जळून जाते आणि विटा पुन्हा पांढुरक्या दिसू लागतात. थर्मामीटर नाही. विटांचा रंग हीच खूण.

(दृश्य: पदेर निखारे बाजूला ओढतात.)

हे पदेर, म्हणजे पाव भाजणारे. घरात त्यांना ‘पाय’ म्हणत. मराठी कानाला चमत्कारिक वाटेल, पण ही पोर्तुगीज हाक आहे, म्हणजे बाप. ‘पाव’ आणि ‘पदेर’ हे शब्दही तिथूनच आले. ही दृश्यं घेतली तेव्हा ते होते.

निखारे बाजूला झाले की बांबूला बांधलेलं ओलं गोणपाट तळावरून फिरतं. राख निघते आणि तळाची चढलेली आच जरा बसते. मग मूठभर मैदा आत. लगेच काळा पडला तर थांबायचं. सावकाश तांबूस झाला तर पहिला घाणा लावायचा. घाई केली तर पाव खालून करपतो आणि आत कच्चा राहतो.

(दृश्य: डागडुजी. उचललेली फरशी.)

एक फरशी खचली होती, म्हणून हे बघायला मिळालं. खाली वाळू, मीठ आणि फुटक्या बाटल्यांची काच. हा थर आच धरून ठेवतो. एकदा पेटवलेल्या जाळावर एकामागून एक घाणे निघतात ते याच्याच जिवावर. लोखंडी ओव्हन बटण दाबलं की तापतो, बंद केला की निवतो. ही भट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीही हाताला कोमट लागते.

(दृश्य: आदली संध्याकाळ. लाकडी पेटी, मैदा.)

25 किलो मैदा, साधारण 14 लिटर पाणी, अर्धा किलो मीठ, पाव किलो ओलं यीस्ट. पाण्याचं माप मात्र पक्कं नाही. पावसाळ्यात मैदाच ओल धरतो, तेव्हा पाणी अर्धा-पाऊण लिटर कमी. एप्रिल-मेमध्ये पाणी गार लागतं, नाहीतर पीठ वेळेआधी फुगतं, आंबतं आणि भट्टीत जाईपर्यंत बसतं.

मीठ राहून गेलं तर? पीठ झपाट्यानं चढतं, हाताला सैल लागतं आणि पाव फिकट निघतो, कारण रंग आणणारी साखर यीस्टनं आधीच खाल्लेली असते. म्हणून रोज रात्री हा प्रश्न ठरलेला: “मीठ घालें गो?” बायको मागे न वळता रिकामा वाडगा उंच धरते. तेवढंच उत्तर.

यीस्ट बाजारातून यायच्या आधी पीठ सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगत असे. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावरून ताजी सूर उतरवून आणी, तिच्यातच यीस्ट असतं. चढायला वेळ जास्त, पण पावाला किंचित गोडसर-आंबूस चव. रेंदेर कमी झाले तशी सूरही पिठातून गेली.

(दृश्य: तराजू. बाईंचे हात.)

गोळे तोडायचं काम बायकोचं. 50 ग्रॅमचा गोळा. भाजताना पाणी उडून पाव 44 च्या आसपास उतरतो. एवढ्या पिठाचे जवळपास 800 गोळे होतात. तराजूचं पारडं पाहा, काटा क्वचितच हलतो. पहिले दहा-बारा तोलून झाले की पुढचे तिच्या हातांनीच तोलले जातात.

(दृश्य: पोय. कोंड्यात घोळलेले चपटे गोळे.)

पोय, म्हणजे आतून पोकळ फुगणारा चपटा पाव, पदेरांनी मात्र कोणाकडे सोपवली नाही. गोळा कोंड्यात घोळून चपटा करायचा आणि फडक्याखाली ठेवायचा. फडकं सरकलं तर वरची त्वचा सुकते, भट्टीत तडकते, वाफ निसटते आणि पोय फुगतच नाही. तळ पुरेसा तापला नसेल तरी तेच. म्हणून पोय पहिल्या, सगळ्यात कडक आचेवर. त्यानंतर गोल उंडे आणि कातरीनं चिरलेले कातरे पाव. उरलेल्या आचेवर कांकणं. बांगडीसारखी ही कडं भाजण्यापेक्षा सुकवायचीच जास्त. आच चढी राहिली तर बाहेरून लाल आणि आत मऊ राहतात, चार दिवसांत बुरशी धरतात.

(दृश्य: पहिली पोय फोडताना.)

घाण्यातली पहिली पोय ते फोडून बघत. आत पोकळी एकसंध आहे ना, एका बाजूला जाड तर नाही ना. अर्धी स्वतःला, अर्धी पिठाच्या पोत्यांवर झोपलेल्या नातीच्या उशाशी.

(दृश्य: सायकल, वेताची टोपली, निळं प्लास्टिक. भोंगा.)

साडेपाचला पहिली फेरी, दुपारनंतर दुसरी. पूर्वी पदेर घुंगरांसारखे खुळखुळे लावलेला बांबू जमिनीवर आपटत येई, आता रबरी भोंगा. टोपलीत तळाला कडक माल, वर पोय. उलट केलं तर खालची चेपते. उधारी वहीत. कोणाकडे किती पोय, कोणाकडे रविवारी जास्त, सगळं पेन्सिलीत, कारण पाहुणे आले-गेले की आकडा बदलतो.

(दृश्य: थंड भट्टी. उन्हात टोपली.)

पावसाळ्यात ते गेले. भट्टी पाच महिने बंद राहिली, गिऱ्हाईक शेजारच्या गावच्या पदेराकडे वळलं.

(दृश्य: धाकटा मुलगा, हातात सोडणं.)

गार पडलेली भट्टी एकदम पेटवायची नसते. पावसाळाभर विटांनी ओल धरलेली असते. जोराचा जाळ लावला तर आत वाफ कोंडते आणि घुमटाला तडा जातो. पहिल्या दिवशी नुसती सोडणं, तासभर. दुसऱ्या दिवशी बारीक लाकूड, तोंड उघडं ठेवून. तिसऱ्या दिवशी पुरता जाळ. धाकटा बोटीवर कामाला आहे, रजा दोन महिन्यांची. आज पहिला दिवस. दारात आई उभी आहे, धूर कुठून निघतो ते बघत.