ठळक अक्षरांतला आकडा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लालबागमधील आमच्या चाळीच्या चौकात एका खासगी प्रयोगशाळेने टेबल मांडले होते. सत्तरहून अधिक तपासण्यांचे पॅकेज निम्म्या किमतीत मिळत होते. ४६ वर्षांच्या माझ्या मावशीने रक्त दिले आणि दुसऱ्या संध्याकाळी तिच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. नवव्या पानावर सीए-१२५ या रक्तातल्या एका प्रथिनाच्या नावासमोर ४१ हा आकडा ठळक अक्षरांत होता आणि शेजारी मर्यादा दिली होती, ३५ पर्यंत. तासाभरात फोन आला. बोलणाऱ्या मुलीने अंडाशयाच्या कर्करोगाचे नाव घेतले आणि पुढच्या स्कॅनवरील सवलत आजच्यापुरतीच आहे, असे सांगितले. मावशी रात्रभर जागी होती.

बहुतेक रक्ततपासण्यांची सामान्य मर्यादा ठरवताना निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के जणांचे आकडे धरले जातात, म्हणजे १०० निरोगी माणसांतले ५ जण मुळातच मर्यादेबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टातही निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. हा हिशेब पॅकेजच्या कोणत्याही माहितीपत्रकात मला आढळलेला नाही, आणि पुढची तपासणी जे विकणार आहेत त्यांनीच तो आपल्याला समजावून सांगावा, अशी अपेक्षा मी आता ठेवत नाही.

सीए-१२५ मासिक पाळीत वाढते, फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठीमुळे, वाढते, पोटाच्या क्षयरोगातही वाढते. ज्या महिलेवर अंडाशयाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत, तिला ते लागू पडत आहेत का, हे पाहण्यासाठी ही तपासणी खरोखर उपयोगी आहे. लक्षणे नसलेल्या महिलांचे मात्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक महिलांना सामावून घेतलेल्या संशोधनाचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दरवर्षी सीए-१२५ तपासूनही या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असे त्यांत दिसले. मावशीने मोबाइलवर शोधले तेव्हा वर आल्या त्या जाहिराती. हा निष्कर्ष पुष्कळ खाली होता.

लालबागहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, परळला, टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांना घेऊन एक मोठे संशोधन केले. निम्म्या महिलांची दर दोन वर्षांनी तपासणी होई, आणि ती करत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, लावायचे आणि मिनिटभराने तिथे पांढरा डाग उमटतो का, हे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उरलेल्या निम्म्या महिलांना ही तपासणी मिळाली नाही, यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अंगाने कडक आक्षेप घेतले गेले, आणि तेही जाहीरपणे छापून आले. मला तो आक्षेप गंभीर वाटतो. परंतु निष्कर्ष आणि त्यावरची टीका दोन्ही उघड्यावर ठेवणाऱ्या माहितीवर मी अधिक विसंबतो. व्हिनेगरच्या या तपासणीतून कोणाला फारसा पैसा मिळत नाही, त्यामुळे तिचे टेबल आमच्या चौकात कधी लागले नाही.

सोमवारी मावशीने पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टर बाईंनी पाळीची तारीख विचारली, पोट दाबून पाहिले, सोनोग्राफी करायला लावली. जुना फायब्रॉइड होता, अंडाशय ठीक होते. मग त्यांनी विचारले, "व्हिनेगरची तपासणी कधी झाली आहे का?" मावशीने हे नावही ऐकलेले नव्हते. त्याच केसपेपरवर ती झाली. पांढरा डाग नव्हता.