1435 मिलिमीटर: नागपूर आणि वेगाची रेल्वे

(दृश्य: मोतीबाग, नॅरोगेज संग्रहालय. गंजलेल्या रुळांवर आडवी ठेवलेली मोजपट्टी.)

पट्टीचं एक टोक या रुळाच्या आतल्या कडेला, दुसरं समोरच्या रुळाच्या आतल्या कडेला. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, असंच मोजतात, आतून आत. पट्टी सरळ करायला दोनदा बोट लावावं लागलं. 762 मिलिमीटर. जुन्या हिशेबानं अडीच फूट.

या अडीच फुटांवरून नागपूरची माणसं छिंदवाड्याला जायची, नागभीडला जायची. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. आता मोतीबागेत शाळेच्या सहली येतात आणि पोरं इंजिनावर चढून फोटो काढतात.

(दृश्य: नागपूर स्टेशन. फलाटाच्या कडेवरून खाली रूळ.)

हे मुख्य स्टेशन. इथला गेज 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. देशातली जवळपास सगळी रेल्वे याच मापावर धावते.

(दृश्य: सीताबर्डी मेट्रो इंटरचेंज. वरून घेतलेला रूळ, येणारी गाडी.)

आणि ही बर्डी. मेट्रोचा रूळ. नागपूरकर त्यावरून खापरीला जातो, हिंगण्याकडे लोकमान्य नगरला जातो, पण त्याचं माप सहसा कुणी विचारत नाही. 1435 मिलिमीटर. याला स्टँडर्ड गेज म्हणतात. जपानची बुलेट ट्रेन शिंकान्सेन याच मापावर धावते, फ्रान्सची वेगवान टीजीव्हीसुद्धा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा रूळही याच मापाचा पडतो आहे.

म्हणजे बुलेटचं माप नागपुरात येऊन बसलंय. बुलेटचं तेवढं राहिलं.

(दृश्य: स्टेशनची जुनी दगडी इमारत, घड्याळ.)

मापाची ही गंमत नागपूरनं आधीही पाहिली आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. ब्रॉडगेज, तोच साडेपाच फुटी. पुढे छत्तीसगढचं धान्य आणायचं होतं, म्हणून 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावकडे मार्ग टाकला. तो टाकला मीटरगेज, एक मीटर रुंदीचा, कारण स्वस्त पडत होता. मग काय, एका गाडीतलं पोतं उतरवायचं, दुसरीत चढवायचं. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी निघाली, तिनं हा मार्ग ताब्यात घेतला आणि पहिलं काम केलं ते रूळ रुंद करण्याचं. दहा वर्षांच्या आत टाकलेलं उखडलं. 1891 पर्यंत हाच रस्ता पार आसनसोलला जाऊन भिडला आणि हावडा-मुंबईचा सरळ मार्ग नागपुरातून जाऊ लागला.

त्या मीटरगेजचा एकही तुकडा आम्हाला चित्रित करायला मिळाला नाही. पण ज्याला आज गेजचा वाद फालतू वाटतो, त्यानं या दहा वर्षांचा हिशेब एकदा मांडून बघावा.

ही इमारत 15 जानेवारी 1925 ची. तेव्हाचे मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी तिचं उद्घाटन केलं. शंभरी उलटली आणि आता तिच्या आजूबाजूला पुनर्विकासाचं काम चालू आहे. नागपूरसाठी सुमारे 590 कोटी, अजनीसाठी सुमारे 360 कोटी. सरकते जिने येतील, मोठे प्रतीक्षाकक्ष येतील. थांबायची सोय उत्तम होईल.

(दृश्य: मोहननगरच्या बाजूनं डायमंड क्रॉसिंग. चाकांचा आवाज मोठा करून दहा सेकंद.)

ऐकलंत? खड-खड, खड-खड. हे डायमंड क्रॉसिंग.

इथे सांधा नाही. सांधा म्हणजे जिथे पट्टी सरकते आणि गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते. इथे सरकणारं काहीच नाही. एक मार्ग दुसऱ्याला आडवा छेदतो, बस्स. पण छेदायचं तर चाकाच्या आतल्या कडेला पलीकडे जायला जागा हवी. म्हणून रूळच कापलेला असतो. दोन-तीन बोटं रुंद फट. प्रत्येक चाक त्या फटीवर क्षणभर अधांतरी जातं आणि पलीकडच्या टोकावर आदळतं. तुम्ही ऐकलात तो तोच आवाज. टोक झिजतं, वेल्डिंग करून भरावं लागतं, पुन्हा झिजतं. म्हणून अशा जागी गाडी दमानं न्यावी लागते.

हावडा, मुंबई, दिल्ली, चेन्नई, चारही दिशांच्या गाड्या या शहरात एकत्र येतात. आपण ते मोठ्या अभिमानानं सांगतो. झिरो माइलचा दगड दाखवतो, नकाशाचं केंद्र म्हणतो. पण केंद्र असणं म्हणजे रेल्वेच्या भाषेत गर्दी असणं. प्रवासी गाडी, कोळशाची मालगाडी, कंटेनरची मालगाडी, सगळ्यांना त्याच रुळावरून जायचंय.

(दृश्य: गड्डीगोदाम. रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. कॅमेरा खालून वर.)

आता हे पाहा. खाली रस्ता. त्यावर रेल्वे. रेल्वेवर उड्डाणपूल. उड्डाणपुलावर मेट्रो. मधला पोलादी सांगाडा 1650 टनांचा आहे आणि तो वर्दळीच्या रेल्वेमार्गावर चढवला गेला. डायमंडवर जे एका पातळीत एकमेकांना कापतं, ते इथे एकावर एक रचलंय. कुणी कुणासाठी थांबत नाही.

वेगवान रेल्वेचं अर्धं रहस्य याच चौकात उभं आहे. ताशी 300 च्या मार्गावर फाटक नसतं, आडवा छेदणारा रूळ नसतो आणि पुढे रेंगाळणारी मालगाडीही नसते. मार्गच वेगळा असतो.

(दृश्य: अजनी. वंदे भारत फलाटाला लागते. दारं उघडतात.)

अजनी-पुणे वंदे भारत. 10 ऑगस्ट 2025 ला सुरू झाली. चेहरा देखणा, दारं आपोआप मिटतात, डबा थंडगार. हिला वेगळं इंजिन नाही. मोटारी डब्यांच्या पोटाखाली वाटलेल्या असतात, निम्म्या चाकांना जोर मिळतो, म्हणून ती चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढा, फिरवा, जोडा, ही कटकट नाही. जपाननं 1964 मध्ये हीच पद्धत वापरली होती.

या गाडीला ताशी 160 ची मुभा आहे. चाचणीत ती 180 पर्यंत गेली आहे. आणि अजनी ते पुणे 881 किलोमीटरला वेळापत्रकात वेळ आहे 12 तास. भागाकार आम्ही करून पाहिला. ताशी 73.

(दृश्य: खिडकीतून बाहेर. गाडी उभी. बाजूनं मालगाडी जाते. बराच वेळ जाते.)

बिलासपूरच्या वंदे भारतचीही तीच कथा. 412 किलोमीटर, साडेपाच तास. ताशी 75.

गाडीत खोट नाही. खाली जो रूळ आहे तो वाटेकऱ्यांचा आहे. वळणं जुन्या काळच्या वेगाला धरून आखलेली, मध्ये मध्ये कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू न्यायचा हुकूम, पुढे मालगाडी. नवरदेवाला उंची घोडा दिला आणि वरात बाजाराच्या दिवशी गांधीबागेतून काढली, तसं काहीसं.

वर्धेपर्यंत तिसरा आणि चौथा मार्ग, इटारसीकडे तिसरा मार्ग, ही कामं म्हणूनच मोलाची आहेत. त्यांच्या फिती कापताना फार कॅमेरे नसतात. आम्हीही, खरं सांगायचं तर, तिथे गेलो नाही.

(दृश्य: जपानच्या जुन्या शिंकान्सेनची छायाचित्रं. मग नकाशा.)

1 ऑक्टोबर 1964. टोकियो ते ओसाका, 515 किलोमीटर. पहिल्याच वर्षी वेग ताशी 210. गंमत अशी की जपानची जुनी रेल्वे अरुंद गेजची. तिच्यावर नवी गाडी पळवण्याच्या नादाला ते लागलेच नाहीत. वेगळा मार्ग, वेगळं माप, फाटक एकही नाही. त्यासाठी जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि 1981 पर्यंत फेडून टाकलं.

वेग वाढला की खर्च कुठून वाढतो, तेही समजून घेऊ. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून गाडीला ते लांब नाक. खडी टाकलेल्या रुळावरून तीनशेनं गेलं तर झोतानं दगड उडू शकतात, म्हणून काँक्रीटची लादी. लोको पायलटला त्या वेगात बाहेरचा सिग्नल वाचता येत नाही, म्हणून सिग्नल त्याच्या समोरच्या पडद्यावर. आणि वळण? मुंबई-अहमदाबाद मार्गावर वळणाची त्रिज्या किमान 6 किलोमीटर धरली आहे. एवढं मोठं वर्तुळ नागपुरावर काढलं तर बर्डी, इतवारी, सदर, धंतोली सगळं आत येईल.

गाड्याही बदलताहेत. चीननं 2024 च्या अखेरीस ताशी 400 नं चालवायच्या गाडीचा नमुना बाहेर काढला. जपानची चुंबकावर तरंगणारी गाडी 2015 मध्ये 603 पर्यंत गेली. आपल्याकडे बंगळूरच्या बीईएमएल या सरकारी कंपनीला 2024 मध्ये आठ डब्यांच्या दोन गाड्यांचं काम मिळालं, रचना ताशी 280 ची. एक डबा पडतो सुमारे 28 कोटींना. महाग वाटतो? मार्गाचा भाव ऐका.

(दृश्य: समृद्धी महामार्ग, शिवमडका. रिकामा रस्ता, दूरवर उष्णतेनं थरथरणारी हवा.)

मुंबई-अहमदाबादची मूळ मंजुरी 1 लाख 8 हजार कोटींची, 508 किलोमीटरसाठी. 81 टक्के पैसा जपानचं कर्ज, व्याज 0.1 टक्का, फेड 50 वर्षांत. किलोमीटरला पडतात 213 कोटी. यात डबे किरकोळ आहेत. पैसा जातो जमिनीत, खांबांत, बोगद्यात. ठाण्याच्या खाडीखालचा 7 किलोमीटरचा बोगदा त्यातच.

आता याच भावानं नागपूर मोजू. 2020 मध्ये देशातल्या सात नव्या हायस्पीड मार्गांच्या अभ्यासाचं काम नॅशनल हायस्पीड रेल कॉर्पोरेशनकडे आलं. त्यात मुंबई-नागपूर होता. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. 2021 मध्ये विमानातून लेझरनं जमीन मोजली. समृद्धीच्या कडेकडेनं रेषा आखली. प्रस्तावित थांबे वाचले तरी बरं वाटतं: वर्धा, पुलगाव, कारंजा, मेहकर, जालना, छत्रपती संभाजीनगर, शिर्डी, नाशिक. मेहकरला आजही रेल्वे नाही, आणि पहिली यायची ती बुलेट!

213 गुणिले 750. एक लाख साठ हजार कोटी. जुन्या भावानं. रेल्वेला 2025-26 मध्ये भांडवली खर्चाला मिळाले 2 लाख 52 हजार कोटी, तेही अख्ख्या देशासाठी. आकडा मोठा आहेच. पण पंचावन्न हजार कोटींचा समृद्धीही आधी अशक्यच वाटत होता. 11 डिसेंबर 2022 ला त्याचा शिर्डीपर्यंतचा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, त्याच दिवशी बिलासपूर वंदे भारत सुटली, मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला. 5 जून 2025 ला सगळा 701 किलोमीटर. आज मोटार नागपूरहून मुंबईच्या वेशीवर आठ तासांत पोचते. दुरांतोला सीएसएमटी गाठायला अकरा लागतात.

रस्त्यानं रेल्वेला तीन तासांनी हरवलं. हे वाक्य मुंबई-पुण्याबद्दल खरं असतं तर किती आरडाओरडा झाला असता!

जमिनीचा प्रश्न आहे. समृद्धीला जमीन दिलेल्या गावांकडे पुन्हा मागायची आहे, आणि तिकीट परवडेल का हेही विचारायचं आहे.

(दृश्य: पडद्यावर दोन याद्या शेजारी शेजारी.)

डावीकडे 2020 ची यादी. सात मार्ग. दुसऱ्या क्रमांकावर आम्ही रंग दिलाय तो मुंबई-नागपूर.

उजवीकडे 1 फेब्रुवारी 2026 चं अंदाजपत्रक. याही वेळी सात मार्ग. मुंबई-पुणे. पुणे-हैदराबाद. हैदराबाद-बंगळूर. हैदराबाद-चेन्नई. चेन्नई-बंगळूर. दिल्ली-वाराणसी. वाराणसी-सिलिगुडी.

(पाच सेकंद शांतता. यादी तशीच.)

आमची बाजू लपवत नाही. नागपूरला ही रेषा हवी. देशाच्या मध्यावर बसलेलं शहर वेगाच्या नकाशात नसावं, हे आम्हाला पटत नाही. पण तोवर 160 च्या गाडीला निदान सरासरी 110 तरी मिळावी, एवढं तर आजच्या पैशात होण्यासारखं आहे. डब्यांना रंग नंतर द्या. आधी वळणं मोकळी करा, मालगाडीला स्वतःचा रूळ द्या.

मुंबईच्या वाटेवरच्या कसारा घाटाचं मात्र तसं नाही. 37 मीटरला एक मीटर चढ. मुंबईहून येणाऱ्या गाडीला तिथे मागून बँकर इंजिनं लावतात, ती ढकलतात तेव्हा गाडी इगतपुरीला पोचते. तिथे नव्या बोगद्याशिवाय इलाज नाही.

(दृश्य: नागपूर स्टेशन, रात्र. दुरांतो उभी. संत्रामार्केटच्या बाजूनं धावत येणारी माणसं.)

रात्र. मुंबई दुरांतो.

खिडकीतल्या आजी नातवाला डबा दाखवताहेत. स्टीलचा, चार पुडांचा. वरच्या पुडात पोळ्या, खालच्यात बहुधा पाटवडी. अकरा तासांच्या बेतानं भरलेला.

सिग्नल हिरवा.

(दृश्य: शेवटचा डबा. मागचा लाल दिवा. आवाज चालू ठेवा, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.)