पुतळ्याखाली निकाल खोदा

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

पत्रिकेत विषय 'न्यायाधीशाचा पुतळा' असा छापलाय. त्यामुळे अर्धी सभा रामशास्त्र्यांवर ऐकायला आलीय, हे पहिल्या रांगेतल्या चेहऱ्यांवरून दिसतंय. रामशास्त्र्यांना पुतळा लागतच नाही. राघोबादादाला सुनावलेलं 'देहांत प्रायश्चित्त' शाळकरी पोरालाही पाठ असतं. माझा माणूस अमेरिकेतला आहे, तिथला जुना सरन्यायाधीश रॉजर टॉनी. त्याच्याकडे जायचंच आहे, पण पणजीवरून जाऊ.

आझाद मैदानातला तो खांबांचा मंडप तुम्ही हजारदा पाहिलाय. तो १८४७ साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी बांधला. खांब जुन्या गोव्यातल्या डोमिनिकनांच्या पडक्या चर्चमधले. गोवामुक्तीनंतर पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला. पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळा तर १९६० साली उभा केला, म्हणजे पाहुणे निघायच्या ऐन तयारीत असताना! १९८३ मध्ये तोही त्याच संग्रहालयात. पुतळे हलवण्यात आपण अमेरिकेच्या पुष्कळ पुढे आहोत, त्याबद्दल टाळ्या वाजवायला हरकत नाही.

पण न्यायाधीश? इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, इथे १५६० साली आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. ज्या वाड्यात ते भरायचं त्याला लोक 'व्हडलें घर' म्हणत. आज त्या वाड्याचा मागमूस नाही, दप्तर बहुतेक जाळलं गेलं. त्यातल्या एका तरी न्यायाधीशाचं नाव या सभागृहात कुणाला सांगता येईल? बघा. शिक्षा लोकांच्या तोंडी राहिल्या, देणारे नावानिशी निसटले. पुतळा नसला की असंही होतं.

आता माझी जुनी तक्रार. ज्यांनी ती आधी ऐकली आहे त्यांनी चहा घेऊन यावं. एका गावात एका मास्तरांचा अर्धपुतळा बसवायचा होता आणि समितीत मला घेतलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथल्या जत्रेला जायचं असतं. पुतळ्यावर समितीत पाच मिनिटं चर्चा झाली. पाटीवर महिने गेले. कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत, आणि उपस्थित नसले तरी ज्यांच्या सौजन्याने ते कोण. एका सरपंचाचा आग्रह की अक्षरं सगळ्यांची सारखी हवीत, फक्त त्यांची थोडी ठळक. मी म्हटलं, मास्तरांनी चाळीस वर्षं काय शिकवलं ते एका ओळीत घालूया. खजिनदार म्हणाले, 'भाई, अक्षरामागे पैसे पडतात.' अनावरण झालं. पाटी वाचली की कळतं, त्या दिवशी गावात कोण कोण आलं होतं. मास्तर कोण होते ते विचारावं लागतं. ते पाटीवरचे अर्धे जण पुढे पक्ष बदलून गेले, ती गोष्ट वेगळी.

या तक्रारीतूनच माझी कल्पना निघाली. सेनापतीचं काम रणांगणावर, गवयाचं गळ्यात. न्यायाधीशाचं काम मात्र शब्दांत असतं आणि ते जसंच्या तसं शिल्लक राहतं. म्हणून न्यायाधीशाचा पुतळा उभारायचा तर चौथऱ्यावर निकाल खोदा. स्तुती नको, पदव्या नकोत. कुणाला काय सुनावलं तेवढंच.

हे मुंबईत एकदा घडलंय, आणि तेही उलट्या बाजूने. आपलं पर्वरीचं खंडपीठ ज्या उच्च न्यायालयाचं आहे, त्याच न्यायालयात. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळं पाणी दिलं. गंमत म्हणजे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर, आणि तेव्हा जामीन मिळालाही होता. १९०८ मध्ये जामीन मागायला जीना उभे, नाकारायला दावर. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्या कोर्टाबाहेर शिला बसवली. तिच्यावर टिळकांचे शब्द आहेत: ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोषच आहे. आरोपीचं निवेदन न्यायालयाच्याच भिंतीवर! वकील मंडळींनी मुंबईला गेल्यावर आधी ते वाचावं, मग खरेदीला जावं.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' नंतर भजन आहे, आणि पेटीवाल्यांना शेवटची कदंब बस गाठायची आहे. म्हणजे टॉनीला दहा मिनिटं. घ्या.

टॉनी १८३६ ते १८६४ अमेरिकेचा सरन्यायाधीश. तरुणपणी वकील असताना, १८१९ साली, गुलामगिरीविरुद्ध प्रवचन करणाऱ्या एका पाद्रीचा बचाव त्याने केला आणि भर कोर्टात गुलामगिरीला राष्ट्राच्या चारित्र्यावरचा डाग म्हटलं. स्वतःचे गुलामही त्याने मुक्त केले होते. आणि १८५७ साली ड्रेड स्कॉटच्या खटल्यात त्यानेच निकाल लिहिला. स्कॉट मालकाबरोबर गुलामगिरी नसलेल्या मुलखात राहून आला होता, म्हणून स्वातंत्र्य मागत होता. टॉनीने लिहिलं, काळ्या माणसाला असा कुठलाही हक्क नाही की जो गोऱ्याने पाळायलाच हवा. हेही सात विरुद्ध दोन. चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं.

१८७२ मध्ये ॲनापोलिसला मेरीलँडच्या विधानभवनासमोर त्याचा पुतळा बसला. १८८७ मध्ये बाल्टिमोरला त्याचीच प्रत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, शार्लट्सव्हिलमधल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दंगलीनंतर, दोन्ही रातोरात उचलले. २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधला अर्धपुतळाही गेला.

आता माझ्या विरुद्धचा पुरावा मीच देतो. फ्रेडरिक नावाच्या गावात टॉनीच्या अर्धपुतळ्याजवळ २००९ मध्ये स्कॉटच्या खटल्याची पाटी लावली. तरी २०१७ मध्ये पुतळा दफनभूमीत हलवलाच. मी म्हणतो, पाटी शेजारी होती, आणि निकालानंतर दीडशे वर्षांनी आली. चौथऱ्यावर पहिल्या दिवशी ते वाक्य खोदायचं ठरलं असतं, तर वर्गणी देणाऱ्यांनी विचारलं असतं की पुतळा बसवायचाय की नाही. तो प्रश्न १८७२ मध्ये पडायला हवा होता.

स्कॉट आणि टॉनी यांच्या वंशजांनी २०१७ च्या मार्चमध्ये ॲनापोलिसच्या त्याच पुतळ्यासमोर भेट घेतली. टॉनी घराण्याने माफी मागितली. दोघांचं म्हणणं होतं, पुतळा ठेवा, पण शेजारी स्कॉट आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेला काळा नेता फ्रेडरिक डग्लस उभे करा. पाच महिन्यांत पुतळाच गेला. मला तो सल्ला बरा वाटतो, पण स्कॉटच्या हातात त्याचा अर्ज हवा आणि टॉनीखाली निकाल हवा. फक्त तीन चेहरे उभे करून काय वाचणार?

पेटी आली. मागचे वकीलसाहेब मघापासून हात वर करून बसलेत. एकच प्रश्न, आणि तोही निवडणुकीचा नको.