जिभेखालची पूड

पहाटेचे साडेपाच. कोकणातलं एक बंदर. नाव सांगत नाही. या खलाशाचा चेहराही तुम्हाला दिसणार नाही, तसं त्याला वचन दिलंय.

होड्या धक्क्याला लागतात. बांगड्याच्या पाट्या उतरतात, बर्फाचा चुरा उडतो, लिलावाची बोली चढते. पाट्या वाहून झाल्या की हा चहाच्या टपरीकडे वळत नाही. सरकारी दवाखान्याची वाट धरतो.

हे हात सिस्टरचे. गर्दचं व्यसन सुटावं म्हणून दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या छोट्या गोळ्या त्या कुटतात, जाडसर पूड करतात आणि त्याच्या जिभेखाली टाकतात. आता बोलायचं नाही, गिळायचं नाही. पोटात गेली तर औषध जवळजवळ वायाच. पाच-सात मिनिटांनी सिस्टर म्हणतात, "जीभ वर कर बघू." मग वहीत सही.

गर्द म्हणजे हेरॉइनच. मेंदूत गर्द जिथे जाऊन बसतं, ती जागा हे औषध धरून ठेवतं. टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्यावर होणारा त्रास, थांबते, हाडं फुटत नाहीत, नाक-डोळे गळत नाहीत. पहिला डोस मात्र टर्की सुरू झाल्यावरच द्यावा लागतो, आधी दिला तर ती एकदम भडकते. त्या दिवशी तो याच बाकावर अंगावर काटा येऊन, कुडकुडत बसला होता.

"एक नशा सोडून दुसरी धरली," असं वाडीत बोलतात. हे साफ चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली या औषधाला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. सुईने गर्द घेणाऱ्यांत एचआयव्ही पसरू नये म्हणून आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ते फुकट मिळतं. खासगी केंद्राचा खर्च खलाशाच्या मजुरीत बसत नाही.

पण इथे डोस रोज हवा, तोही सिस्टरसमोर. ट्रॉलर आठ-आठ दिवस समुद्रात असतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत या खलाशाचा एकही खाडा झाला नाही. २०२० च्या टाळेबंदीत गोळ्या घरी न्यायला दिल्या होत्या. तीच सोय समुद्रावर जाणाऱ्यांना द्यायला काय हरकत आहे? औषध तुटलं की माणूस गर्दकडे वळतो, आणि सवय मोडलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही. त्यात जीव जातो.

नारळी पौर्णिमा झाली. ट्रॉलर निघाले.

तो धक्क्यावर, दुसऱ्याचं जाळं शिवतोय. दवाखाना नऊला उघडतो.