ह्याचं काम झालं का?

श्रोतेहो, नमस्कार.

‘स्टोरेज फुल’ असा संदेश फोनवर दिसायला लागला की घरात दोनच सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, नवा फोन घ्या. कुणी म्हणतं, सगळं डिलीट करून टाका. मला दोन्ही पटत नाहीत. चांगला चालता फोन केवळ जागा नाही म्हणून बाजूला टाकणं मला ताटात अन्न टाकण्याइतकंच खटकतं. आणि सगळं डिलीट करून टाकणं किती महागात पडू शकतं, ते मी पुढे सांगणारच आहे.

आपल्या फोनमध्ये हजारो फोटो साचलेले असतात. ते काढायला बसलं, की आपण पहिल्या फोटोपासून सुरुवात करतो. दहावीस फोटो होतात न होतात, तोवर कुणाच्या तरी बारशाचा फोटो येतो, त्यात मन रमतं, आणि काम तिथंच राहतं. म्हणून आज ही एक गोष्ट लक्षात ठेवा. फोटो एकेक करून काढायचे नाहीत, प्रकाराप्रकारानं काढायचे. पुन्हा सांगते, एकेक नाही, प्रकाराप्रकारानं.

सगळ्यात मोठा ढीग कुठला, हे तुम्हाला मी सांगायला नको. व्हॉट्सअ‍ॅपचा. 2018 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं होतं, की भारतातले फोन इतक्या लवकर का भरतात याचा शोध गूगलची माणसं घेत होती, आणि त्यांना सापडले ते सुप्रभातचे फोटो! फुलं, दवबिंदू, उगवता सूर्य आणि वर दोन ओळींचा सुविचार. मला विचाराल तर सकाळी उठल्यावर खरोखर कुणाची आठवण झाली असेल, तर त्या माणसाला फोन करावा. दोन मिनिटं बोलावं. म्हातारी माणसं दिवसभर त्या दोन मिनिटांवर काढतात, हे मी आमच्याच गल्लीत पाहते.

असो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जा, ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडा, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ म्हणून आहे. अनेक वेळा पुढे पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ तिथं वेगळे काढून ठेवलेले दिसतात, 5 एमबीपेक्षा मोठ्या फायलीही वेगळ्या दिसतात. खाली प्रत्येक ग्रुपनं किती जागा खाल्लीय त्याची यादी असते, सगळ्यात खादाड ग्रुप सगळ्यात वर. तिथून गठ्ठ्यानं काढता येतं. आणि त्याच ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये ‘मीडिया ऑटो डाउनलोड’ बंद करून ठेवा, म्हणजे नवा ढीग आपोआप साचणार नाही.

आता मी तुम्हाला माझ्या मामीची गोष्ट सांगते. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

मामी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या गावातली. मामा गेल्यावर त्यांचाच फोन ती वापरायला लागली. फोन जुना, जागा कमी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेले होते, तेव्हा फोन पार अडकला होता. साधा मेसेजसुद्धा उघडेना. तिचा नातू कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, ‘आज्जी, आण इकडं, साफ करून देतो.’ मामी म्हणाली, ‘कर की. पर माझ्याजवळ बसून कर.’

तर सोप्यात मामी चिंचा फोडत बसलेली, शेजारी नातू फोन घेऊन, आणि मी पलीकडे चिंचोके वेगळे करत. सुप्रभात वगैरे त्यानं आधीच एका दमात काढून टाकलं होतं. उरले मामांनी स्वतः काढलेले फोटो. ते तारखांप्रमाणे गठ्ठ्यागठ्ठ्यानं दिसत होते. एकेका गठ्ठ्यावर बोट ठेवून तो विचारायला लागला.

‘आज्जी, ह्या पावत्या कसल्या?’

‘ऊस घातल्याला, त्या वजनाच्या. बिल जमा झालं की. टाक.’

‘ह्या बाटल्या?’

‘औषधाच्या. दुकानदाराला दाखवाय काढल्या व्हत्या. टाक.’

मग महाबळेश्वरच्या सहलीतले सूर्यास्ताचे फोटो आले. नातवाला ते फार आवडले. तो म्हणाला, ‘हे भारी आल्यात, राहू देत.’ मामी म्हणाली, ‘सूर्य रोजच मावळतोय. एक ठेव आन् बाकीचं टाक.’ एका लग्नातले मामांचे दहाबारा फोटो होते. त्यातला एक तिनं निवडला, फेट्यातला, हसरा. बाकीचे तिनंच टाकायला सांगितले. मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, तिथं तिचा हात अडेल.

मग आले मातीचे फोटो. नुसती माती. उकरलेली चारी, कडेला ढिगारा. एका फोटोत चपलेतलं मामांचं पाऊल, एकात आडवं पडलेलं खोरं, एकात टेपचा पिवळा तुकडा. दोनचार तर हललेलेसुद्धा. नातवानं पहिल्या फोटोवर बोट दाबून धरलं आणि तसंच खाली ओढत नेलं. सगळ्यांवर टिक झाली. ‘हे खिशात असताना चुकून निघाल्यात, आज्जी,’ असं म्हणून तो डिलीटवर बोट ठेवणार, तेवढ्यात मामीनं हातोडी खाली ठेवली.

‘आरं थांब! माती न्हाई ती. पाइपलाइन हाय.’

विहिरीपासून वरच्या रानापर्यंत मामांनी चार इंची पीव्हीसी पाइप पुरला होता. जेसीबीनं चारी काढली, पाइप जोडले, आणि माती लोटायच्या आधी मामांनी जिथं जिथं जोड आहे तिथं तिथं फोटो काढला. वळणावरचा एल्बो, जिथं फाटा फुटतो तो टी, एअर व्हॉल्व्ह. एकदा माती पडली की वरून काहीच कळत नाही. ज्यांची शेती आहे त्यांना हे माहीत आहे.

नातू म्हणाला, ‘पर ह्यात पाइप दिसतोय कुठं? खोरं पडलंय नुसतं.’

‘पडलं न्हाई ते, ह्यांनी ठेवलंय. दांडा बघ कुठं वळलाय. विहिरीकडं. पाणी कुठनं येतंय ते कळाय.’

‘आन् पाय?’

‘बांधावरच्या दगडाला टाच लावून हुबं राहिल्यात. तितनं पुढं टेप मी धरली व्हती.’

नातवानं तो टेपचा हललेला फोटो दोन बोटांनी मोठा केला. आकडा वाचता आला. 14 फूट.

श्रोतेहो, गोष्ट इथं संपली असती तरी मला ती सांगावीशी वाटली असती. पण पुढे ऐका. दिवाळीच्या आधी खालच्या उसात ओल दिसायला लागली. मोटर चालू असली की वरच्या रानात पाणी कमी पोचायचं आणि खाली चिखल. माझा मामेभाऊ जेसीबी बोलावून ओल दिसते तिथंच उकरायच्या तयारीत होता. पण पाइप फुटतो एकीकडे आणि पाणी वर येतं भलतीकडे. चारीतली माती पोकळ असते, पाणी तिच्यातून उताराकडे धावतं आणि वाट मिळेल तिथं वर येतं. मामीनं फोन काढला. बांधावरचा तो दगड शोधला, तिथून टेप लावली, 14 फूट मोजले आणि म्हणाली, ‘हितं.’ दोन माणसांनी हातानं उकरलं. एल्बोचा जोड सुटलेला होता. सोल्युशन लावून तो पुन्हा बसवला, आणि उभ्या उसात जेसीबी घालायची वेळच आली नाही.

आता बघा, मामी काय करत होती. फोटो छान आलाय का, हे ती विचारत नव्हती. त्यात कुणाचा चेहरा आहे का, हेही विचारत नव्हती. ती एकच गोष्ट बघत होती. ह्याचं काम झालं का? वजनाच्या पावतीचं काम झालं होतं. औषधाच्या बाटलीचं झालं होतं. मातीच्या फोटोचं काम व्हायचं होतं. तुम्हीही गठ्ठा समोर आला की हेच विचारा. ह्याचं काम झालं का? झालं असेल तर सगळा गठ्ठा जाऊ द्या.

आणि दुसरं. ज्याचा फोन त्याला शेजारी बसवा. घरातल्या हुशार मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आईवडिलांचा, आजीआजोबांचा फोन त्यांच्या पाठीमागे साफ करू नका. तुम्हाला माती दिसेल, त्यांना पाइपलाइन दिसते.

त्या दिवशी नातवानं ‘पाइपलाइन’ नावाचा वेगळा अल्बम केला आणि प्रत्येक फोटोखाली मामीनं सांगितलं तसं लिहून ठेवलं. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की मजकूर लिहायला जागा असते. पूर्वी लोक फोटोच्या मागे शाईनं लिहायचे. सन, गाव, डावीकडून कोण कोण. आमच्या आईच्या पेटीतले असे फोटो आजही बोलतात, आणि ज्यांच्या मागे काही लिहिलेलं नाही त्यातली माणसं आता कुणालाच ओळखता येत नाहीत. मला मनापासून वाटतं, की प्रत्येक घरानं वर्षातून एकदा थोडे तरी फोटो छापून घ्यावेत आणि मागे नावं लिहावीत.

वेळ होत आलीय, तेव्हा बाकीचं भराभर सांगते. स्क्रीनशॉट्सचं वेगळं फोल्डर असतं. तिकिटं, ओटीपी, पैसे पाठवल्याच्या पावत्या, यातल्या बहुतेकांचं काम त्याच दिवशी झालेलं असतं. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं ‘सेंट’ नावाचं फोल्डर असतं. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक फोटोची लहान केलेली प्रत तिथं पडून राहते. मूळ फोटो फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला असेल तर तो बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असतो. तो आहे ना हे बघा, तो ठेवा, प्रत काढा. जागा पटकन हवी असेल तर आधी व्हिडिओंकडे वळा. साध्या फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट 100 एमबीच्या आसपास जातं, तेवढ्यात पंचवीसतीस फोटो मावतात. लग्नात अंतरपाटासमोर सगळे पाहुणे हात उंचावून व्हिडिओ घेत उभे असतात, मागच्यांना नवरानवरी दिसत नाहीत, आणि तो व्हिडिओ पुन्हा कुणी बघतही नाही. अक्षता टाकायला दोन्ही हात मोकळे ठेवावेत, असं माझं मत आहे.

आता नीट ऐका, कारण इथं नुकसान होतं. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल आणि तुम्ही तिथून फोटो डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि गूगलकडच्या साठ्यातूनही जातो. दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. डिलीट म्हणजे दोन्हीकडून, फ्री अप स्पेस म्हणजे फक्त फोनमधून. आणि गूगलची ती जागाही अमर्याद नाही. 1 जून 2021 पासून फोटो, ईमेल आणि ड्राइव्ह मिळून 15 जीबीच फुकट मिळतात. ती भरली की ईमेल यायचेसुद्धा बंद होतात.

काढलेले फोटो लगेच नाहीसे होत नाहीत, ट्रॅशमध्ये जातात. बॅकअप झालेले असतील तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात, आयफोनवर 30 दिवस. तोवर परत आणता येतात, पण तोवर जागाही अडवतात. घाई असेल तर ट्रॅश रिकामा करा, मात्र त्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाका. रात्री झोपेच्या भरात नको. दिवसाउजेडी, चष्मा लावून.

नमस्कार.