बिघडलेले फोटो हवे आहेत

[दृश्य: पडद्यावर लाल गुलाबाचा फोटो. चित्र हळूहळू मोठं होत जातं.]

लांबून बघितलं तर काही खोट दिसत नाही. फूल, दोन पानं, तिरपं ऊन. आता चारशे टक्के मोठं करून बघा. पाकळ्या कुठे गेल्या? उरलाय तो एक सपाट लाल डाग. फोटोत लाल रंगाचा आकडा 0 ते 255 एवढाच असतो. तो 255 ला टेकला की त्याच्या वर जागाच नसते. मग पाकळीची घडी, तिची शीर, तिची सावली, सगळं त्या एकाच आकड्यात बुडून जातं.

फोटो काढणारा असा फोटो बघतो, चुकचुकतो आणि पुसून टाकतो. आम्हाला नेमका तोच हवा होता.

[शीर्षक पडद्यावर. मग टेबलावर मेमरी कार्डांचा ढीग.]

फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर बनवायचं तर ते तपासायला फोटो लागतात, आणि या कामाला देखणे फोटो बिनकामाचे. चांगल्या उजेडातला, नेटका फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाका, तो साजराच दिसणार. कस लागतो तो अडचणीच्या फोटोत. म्हणून आम्ही असे फोटो गोळा करायला घेतले, तेही कुणालाही मुक्तपणे वापरता येतील असे. वाटलं होतं, फोटो मिळवणं अवघड आणि परवाना म्हणजे एक ओळ लिहायची. झालं उलटंच.

[दृश्य: जुन्या पद्धतीचा ड्रम स्कॅनर. मग 512 बाय 512 चौकटींची रिकामी जाळी.]

आधी थोडं मागे जाऊ. 1973 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेला शोधनिबंधासाठी तातडीने एक चित्र हवं होतं. हाताशी ‘प्लेबॉय’ मासिकाचा अंक होता. त्यातल्या एका मॉडेलचा चेहरा आणि खांदा एवढा भाग स्कॅन झाला, 512 बाय 512 पिक्सेलचा. ‘लेना’ या नावाने तो पुढे जगभर फिरला. चित्र दाबून लहान कसं करायचं, धूसर चित्र स्पष्ट कसं करायचं, सगळे प्रयोग त्याच्यावर. परवानगी मात्र ना मासिकाची घेतली होती, ना त्या बाईंची. आपलं चित्र आता निवृत्त करा, असं पुढे त्यांनी स्वतःच सुचवलं. शेवटी एप्रिल 2024 पासून आयईईई कंप्युटर सोसायटी या संगणक क्षेत्रातल्या संस्थेने हे चित्र असलेले निबंध घेणं बंद केलं. मधे पन्नास वर्षं गेली!

[दृश्य: दीपगृहाचं रेखाटन, समोर पांढरं लाकडी कुंपण.]

दुसरा प्रसिद्ध संच कोडॅक या फिल्म आणि कॅमेऱ्यांच्या कंपनीचा. चोवीस चित्रं, वापरावर बंधन नाही. त्यात एक दीपगृह आहे आणि त्याच्यासमोर पांढऱ्या पट्ट्यांचं कुंपण. रंग नीट न जुळवणारं सॉफ्टवेअर त्या पांढऱ्या पट्ट्यांवर इंद्रधनुष्य उमटवतं. सुंदर परीक्षा आहे! पण एकेक चित्र 768 बाय 512 चं, म्हणजे चार लाखांहूनही कमी पिक्सेल. आजच्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो त्याच्या साठपट मोठा. शिवाय हे कुंपण आता सगळ्यांना पाठ झालंय. फुटलेल्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवण्यात काय हशील?

[दृश्य: अंधारी खोली, उघडी खिडकी, बाहेर लख्ख ढग.]

म्हणून कच्च्या फाइली, म्हणजे रॉ: कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलं ते जसंच्या तसं. जेपेग या नेहमीच्या फोटो फाइलीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये 16,384. या खिडकीकडे बघा. सेन्सरवर दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीचं पेटंट 1976 चं. ढगाचा उजेड इतका की तिन्ही रंगांचे पेले काठोकाठ भरले. मग सॉफ्टवेअर पांढरा रंग जुळवायला लाल आणि निळ्याला वरून आणखी वाढवतं. हिरवा मागे राहतो आणि ढग गुलाबी होतो. ज्या सॉफ्टवेअरने ही शक्यता धरलेली नाही, त्याची चूक इथे लगेच दिसते.

आमच्या यादीत असंच सगळं आहे. उजेडासमोरचे मोकळे केस. बारीक विणीचं कापड. ढगाचा ठिपकाही नसलेलं आकाश, कारण तिथे रंगाच्या पट्ट्या पडतात. अंधारात काढलेला, दाणेदार फोटो.

[दृश्य: परवान्यांची चिन्हं एकामागून एक.]

आता परवाना. आपलं काम इतरांना कोणत्या अटींवर वापरू द्यायचं, हे सांगणारे तयार परवाने क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था देते. त्यातले पहिले 2002 मध्ये आले. लोक प्रेमाने फोटो पाठवतात आणि सोबत ‘बदल करू नये’ हा पर्याय निवडतात. संपादन तपासायचा फोटो, आणि बदललेलं रूप कुणाला दाखवायची मुभा नाही! असे फोटो हात जोडून परत करावे लागतात. ‘व्यापारी वापर नको’ ही अट तर ऐकायला रास्तच वाटते. पण मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारं, ते विकायचीही मुभा असते, त्यामुळे अशी फाइल त्याच्यासोबत देता येत नाही. आम्ही शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच सीसी झीरोवर थांबलो: हक्क पूर्ण सोडायचा, नावाचीही अट नाही. रॉ नमुन्यांचा ‘रॉ डॉट पिक्सल्स डॉट यूएस’ हा संग्रहही याच तत्त्वावर चालतो.

चेहऱ्याची गोष्ट वेगळी. कॅमेऱ्यामागच्या माणसाने हक्क सोडला म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या माणसाने होकार दिला असं होत नाही. 2019 मध्ये मुक्त परवान्याचे लाखो फोटो चेहरा ओळखण्याच्या संशोधनात गेल्याचं उघड झालं, तेव्हा फोटोतल्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. आणि चेहरे टाळूनही चालत नाही. फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवायला जी कार्डं असायची, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो होता. सावळे, काळे चेहरे त्या मापात बसायचेच नाहीत. म्हणून एकाच चौकटीत वेगवेगळ्या वर्णांची माणसं हवीत, आणि प्रत्येकाची लेखी संमती. यात सर्वांत जास्त वेळ जातो. जाऊ दे.

[दृश्य: फाइलीची माहिती पडद्यावर, जागेचे आकडे पुसट केलेले.]

फाइलीच्या पोटात आणखी काय असतं, तेही बघावं लागतं. लेन्सची माहिती हवी, पण घराचे अक्षांश-रेखांश नकोत. रॉ फाइलीत नंतर चाकू चालवण्यापेक्षा फोटो काढण्याआधीच जीपीएस बंद ठेवा, असं आम्ही सांगतो. आणि एकदा ठेवलेली फाइल कधीच बदलायची नाही. चूक सापडली तर नवी फाइल, नवं नाव. नाहीतर कालचा आणि आजचा निकाल ताडून बघायचा कसा?

[दृश्य: राखाडी पडदा. त्यात हळूहळू एका झाडाची आकृती.]

अजून एक रकाना रिकामा आहे: धुकं. धुकं हटवायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती तपासायला दाट, एकसारखं, कंटाळवाणं धुकं लागतं. दोन फोटो आले. दोन्हींत पाठवणाऱ्याने ते आधीच पुसून, फोटो ‘नीट’ करून पाठवले होते.